तिघांचा प्रवास

४ सप्टेंबर १९८३, रविवार. सानगडी.

पुन्हा तीन! अभ्यासाला लावलेली कादंबरी आज परत वाचून संपवली. तिघं मुलगी बघायला जातात – सोयरीक मोडते. तिघं कोर्टात जातात – खटला हरतात. तिघं नावेत बसतात – नाव बुडते. भंडाऱ्याचे सर आम्हा बाहेरून एम.ए. करणाऱ्यांना रविवारी शिकवतात, ते म्हणाले, "संख्यांच्या प्रतीकांवर प्रश्न हमखास येतो. तीन म्हणजे सत्त्व, रज, तम. लिहून घ्या." घेतलं. पण मला काही सत्त्व-रज दिसले नाहीत, तीन माणसं दिसली. कामाला तिघांनी मिळून निघू नये, निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक गोटा नाहीतर सुपारी सोबत घ्यावी – हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लेखकाला ठाऊक नसेल?

अडचण एकच. एका प्रकरणात तिघं जत्रेला जातात आणि हसत परत येतात. गोटा नाही, सुपारी नाही, काही नाही! माझी सगळी मांडणी तिथे लंगडी पडते.

६ सप्टेंबर

शेजारच्या बेबीबाई आल्या होत्या. पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं. "लेकरूबाळ नाही म्हनून बरं जमते तुले वाचाले." लग्नाला अकरा वर्षं झाली, आता असलं बोलणं लागत नाही.

खोटं. लागतं. संध्याकाळभर भांडी आपटली.

११ सप्टेंबर

सरांकडे गेले नाही. सासूबाईंच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा मागच्या आठवड्यात नागपूरच्या दवाखान्यात काढला. गुरुवारी रिपोर्ट. घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही – कॅन्सर. इथे लिहिला, बस.

म्हातारी माझ्याशी दिवसभर भांडते. पण हे किराणा दुकानात गेले की घरात आम्ही दोघीच. ती नसली तर मी बोलू कोणाशी? मला ती हवी आहे!

१४ सप्टेंबर

बपेऱ्याचे दीर गोपीचंद नागपूरला सोबत येणार होते, त्यांना ताप भरला. म्हणजे उद्या हे, सासूबाई आणि मी.

तिघं.

१५ सप्टेंबर

आधी हे लिहिते – गाठ साधी आहे. साधी! साधी!

आता बाकीचं. सकाळी निघताना सासूबाईंनी अंगणातला गोटा उचलला आणि पदरात बांधू लागल्या. "तिघं चाल्लो ना आपण, चवथा पाहिजे." मला काय झालं कुणास ठाऊक, एम.ए. अंगात आलं. म्हटलं, "आई, दगडानं रिपोर्ट बदलत नसतो," आणि त्यांच्या हातातून घेऊन तो कुंपणापाशी टाकला.

"काहून टाकलास वं? तुह्या बापाचं काय जात होतं?"

हे हसले. तेवढ्यात बस आली.

साकोली सुटलं आणि तो टाकलेला गोटा डोळ्यांसमोरून हलेना. वाईट निघालं तर ते माझ्यामुळे, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. शहापूरला बस थांबली तेव्हा खरंच उठले – उतरावं, रस्त्यावरचा खडा घेऊन यावं. सासूबाईंनी हात धरला. "बस ना! कायले उठून राहिली? गाडी चाल्ली जाईन." आणि स्वतः माझ्या खांद्यावर झोपल्या! घोरल्यासुद्धा. मी मात्र नागपूरपर्यंत मोजत राहिले. एक, दोन, तीन.

डॉक्टरांनी कागद बघितला. "आजी, घरी जा. चरबीची गाठ आहे." हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सासूबाईंनी डॉक्टरांनाच विचारलं, "मंग मले भजे चालतीन का?"

चालतील! बर्डीच्या बाजारात उभ्याउभ्याच खाल्ले. जीभ पोळली तरी थांबले नाही. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१८ सप्टेंबर, रविवार

सापडलं! जत्रेला जाताना कोणी मोजतच नाही!

बाकी तिन्ही प्रवासांत कोणीतरी दचकून म्हणतं, "अरे, आपण तिघंच!" – आणि पुढची चूक भीतीनं होते. मुलाचा काका घाईघाईत नको ते बोलून जातो, साक्षीदार कोर्टात अडखळतो, नावेत एक जण घाबरून उभा राहतो. तीन हा आकडा बिचारा काहीच करत नाही, सगळं मोजणारा करतो. मीही शहापूरला उतरून बस घालवलीच असती की!

सरांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणत्या समीक्षकाचं आहे हे?" म्हटलं, "कोणाचं नाही सर, मला नागपूरच्या बसमध्ये सुचलं." मग हसले. "त्रिगुण खोडा. असंच लिहा परीक्षेत."

सुटले! आकड्यांच्या भीतीतून कायमची सुटले. घरी येऊन सासूबाईंनाही सगळं समजावलं. ऐकलं, आणि म्हणाल्या, "हो का? तांदूळ निवड."

६ ऑक्टोबर

आम्लपित्त समजून साकोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. मला तिसरा महिना लागलाय. दोनदा विचारून घेतलं!

सासूबाई आधी रडल्या. मग डोळे पुसून बोटांवर मागे मागे मोजत गेल्या आणि एकदम माझ्या पाठीत धपाटा घातला – "अवं, मंग नागपूरले आपण तिघं कुठी होतो? चौघं होतो!"