आधी रिव्हर्स

चाचा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. दौंडला तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मी अजून गाडी चालवते. छोटा टेम्पो आहे, कारेगावच्या गोडाऊनमधून पार्सलं भरते आणि पार मांडवगण फराट्यापर्यंत वाटत जाते. तुम्ही शिकवलेल्या बाकीच्या पोरींची लायसन्स बहुतेक लग्नातल्या शालूबरोबर कपाटात पडली असतील. माझं रोज खिशात असतं, एवढं तुम्हाला कळायला हवं होतं.

यवतहून पहिल्या दिवशी आले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही गाडी पुढे न्यायला सांगाल. तुम्ही बाजारतळावर जीप उभी केलीत आणि म्हणालात, "माघारी घे." सगळ्यांनाच तुम्ही आधी रिव्हर्स शिकवायचात. बाजार नसेल त्या दिवशी तळ मोकळा असायचा आणि त्यावर एक जीप उलटी फिरत असायची. लोक हसायचे. "पुढं काय, समदेच जात्यात. ज्याला माघारी आनता येत न्हाई त्यानं गाडी पुढं न्हेऊ नये," हे तुमचं ठरलेलं उत्तर. मी मान खाली घालून नुसती आरशात बघत मागे घ्यायचे. मागे चहाच्या टपरीवर पुरुष बसलेले असायचे आणि रस्त्यात वळून बघायचं नाही हे घरून पक्कं डोक्यात बसलेलं. एकदा टपरीचं बाकडं पाडलं. तुम्ही खाली उतरून दोन्ही आरसे मिटलेत. "देवानं मान दिलीय ना? वळीव की. तू त्यांच्याकडं न्हाई बघत, रस्त्याकडं बघतीस." माझ्यावर रागावलात ते तेवढं एकदाच. दुसऱ्या दिवशी चाचींनी जीपच्या जुन्या रेक्झिनची उशी शिवून दिली, कारण बुटकी असल्यामुळे मला वळूनही काही दिसत नव्हतं. ती उशी अजून माझ्या सीटवर आहे. वरचं कापड बदललं, आतला कापूस चाचींचाच आहे.

तुमच्या घरात आरटीओ म्हणजे माणूस होता. चाचींच्या स्वयंपाकघरात बशीत चहा ओतता ओतता तुम्ही म्हणायचात, "आरटीओ आज खूश हाय," नाहीतर "आरटीओ जेवायला गेला, आता दुपारपातूर कुनाचं काय होत न्हाई." लायसन्सच्या कॅम्पला येणारे साहेब, त्यांचं ऑफिस, त्यांचा कायदा, सगळं मिळून एक आरटीओ. नाव काढलं की आम्ही पोरी आधी कागदं चाचपायचो. म्हणून गोडाऊनमधल्या पहिल्या दिवशी सुपरवायजर "दीदी, आज बहुत आरटीओ है" म्हणाला, तेव्हा मी आधी टेम्पोची कागदं काढली आणि मग फाटकाबाहेर जाऊन रस्ता बघून आले. तो बिहारचा, पोट धरून हसला. इथे आरटीओ म्हणजे परत जाणारा माल. ग्राहक घरी नाही, फोन उचलत नाही, नको म्हणाला, की पार्सल जिथून निघालं तिथे माघारी. आता टेम्पो पासिंगला न्यायचा असला की मी "त्या आरटीओला" म्हणते आणि संध्याकाळी पुण्याच्या गाडीत पोती चढवताना "हे आरटीओचं" म्हणते. दोन्हीची सवय झाली. माघारी न्यायचं काम शेवटी माझ्याच वाट्याला आलं, तुम्ही असतात तर यावरून चिडवलं असतंत.

चैत्रात हे गेले. तुम्ही ह्यांना पाहिलं नव्हतं. कंपनीत पहिल्या पाळीला गेले, मशीनजवळ जरा खाली बसले ते उठलेच नाहीत. तेरावं झाल्यावर मी कामावर गेले. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला, चाचा, मला काही वाटतच नाही. हाताला मुंग्या आल्या की चिमटा काढून बघतो, तशी मी ह्यांच्या एकेक गोष्टी आठवून बघते. आठवतात सगळ्या, लागत नाहीत.

कामावर रुळते न रुळते तोच एका सकाळी पोत्यातून एक खोकं निघालं. त्यावर ह्यांचं नाव, आमचा पत्ता. जाण्याआधी कधीतरी मागवलेलं, उशिरा आलेलं. आत काय ते वर लिहिलेलं नव्हतं. सुपरवायजरने नाव वाचलं आणि हळूच म्हणाला, "दीदी, ओटीपी आएगा, डाल के रख लो. घर का ही तो है." ओटीपी म्हणजे ग्राहकाच्या फोनवर येणारा आकडा. तो टाकला तर पार्सल पोचलं, नाही तर आरटीओ. घरात ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, ते माझ्यावर होतं.

न्हावरा, मांडवगण सगळं वाटून झालं आणि ते एकच खोकं उरलं. घरासमोर टेम्पो उभा केला. नियमाने आधी ग्राहकाला फोन लावायचा असतो. मी लावला. घरात वाजला. ह्यांचा फोन सासूबाई रोज चार्जिंगला लावतात, का ते मी कधी विचारलं नाही. त्यांनीच उचलला.

"कोन बोलतंय?"

"पार्सल आहे," मी म्हणाले, दिवसभर म्हणते त्याच आवाजात. "ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

"मला न्हाई बाई वाचता येत. त्यो घरी न्हाई. आल्यावर सांगते त्याला."

त्यांना सगळं ठाऊक आहे. चितेपर्यंत आल्या होत्या. तरी तोंडात तेच आलं. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही. आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. फोन मांडणीवर उजळलेला होता, त्यावर चार आकडे. सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या, "त्याचं काय तरी आलं व्हतं. कोन बाई व्हती. येईल पुन्यांदा." मी बरं म्हणाले आणि बाहेर आले.

आमच्या बोळात गाडी वळत नाही, रिव्हर्सच काढावी लागते. मी मान वळवली आणि एका दमात मोठ्या रस्त्याला आणली. गोडाऊनला जाऊन मोबाईलवर कारण निवडलं, ग्राहक उपलब्ध नाही. सुपरवायजरने खोकं पोत्यात टाकून पोत्याचं तोंड बांधलं. घेतलं असतं तर उघडावं लागलं असतं, चाचा. उघडूनही काही वाटलं नसतं तर काय, याची मला भीती वाटली. हे गेले त्या दिवसापासून मला वाटलेली तेवढीच एक गोष्ट.

हे पत्र दौंडला आणून तुमच्या कबरीपाशी ठेवावं असं मनात आलं होतं. नाही आणणार. एक मात्र तुम्हाला सांगते. ओटीपी थोड्या वेळात बाद होतो, हे मीच दारोदार लोकांना सांगत असते. तो मला अजून पाठ आहे. सकाळी भाकरी थापताना ओठांवर येतो.