अभिलेखकक्षाची भिंत आणि एकेरी रेघ

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
इमारत व अभिलेख विभाग

विषय : अभिलेखकक्षाची मागची भिंत आजच फोडण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा दि. ४ चा अर्ज व त्यावरील आपला शेरा, “चित्रे काढत बसू नये.”

महोदय,

मी आपल्या विभागात आरेखक आहे. अभिलेखपाल ही माझी सख्खी थोरली बहीण.

१. कक्षातील चाकांवरची नऊ कपाटे वेड्यावाकड्या आकारांची आहेत. ती कमीत कमी जागेत कशी बसतील, हे शोधण्याचा आपला आदेश होता. मी प्रत्येक मांडणीसाठी एक ठिपका काढला. एक कपाट सरकवून एका मांडणीची दुसरी होत असेल, तर त्या दोन ठिपक्यांत रेघ ओढली. एकशे शेहेचाळीस ठिपके झाले. आपणांस हवी ती मांडणी त्यांत एकच निघाली. तिच्याकडे रेघ जाते, परत येत नाही. कारण शेवटचे कपाट दारापुढच्या खाचेत उतरले की हलत नाही. आत एक माणूस उभा राहील एवढा कोपरा उरतो. तो आपल्या हिशेबात धरलेला नाही.

२. कपाटांच्या मुठी आतल्या बाजूस आहेत. ढकलणारा आतच अडकेल, हे मी अर्जात स्वच्छ लिहिले होते. तरी आपण “अभिलेखपालांनी स्वतः ढकलावे” असे फर्मावले. ताईने सोमवारी ढकलले. वरिष्ठांचा शब्द तिने जन्मात मोडलेला नाही. मी तिला हात धरून बाहेर ओढले नाही, याची मला लाज वाटते.

३. भिंत फोडण्यास अभिलेखपालांची समक्ष सही हवी, असे आपले लिपिक म्हणतात. त्या समक्ष येऊ शकत नाहीत म्हणूनच भिंत फोडायची आहे, हे मी तीनदा सांगून पाहिले. अखेर दाराखालून घेतलेली सही चालेल असे ठरले.

४. मंगळवारी तिची चिठ्ठी आली : “अरे, उभं राहून पाय गेलेत. घाई कर बाबा. आईला मात्र काही बोलू नकोस.” काल नुसतेच “पाणी” एवढे आले. दाराखालून सारलेल्या पत्र्याच्या पन्हळीतून ओतलेले पाणी तिच्यापर्यंत पोचले की नाही, कळले नाही.

५. आज सकाळी या अर्जाची पहिली प्रत सहीसाठी दाराखालून सरकवली. ती कोणी आत ओढली नाही. तासाभराने अर्धी बाहेर होती तशीच उचलली. सोबत जोडली आहे. सहीची जागा कोरी आहे.

गवंडी भिंतीपाशी उभा आहे. आपला पहारेकरी त्याला हात लावू देत नाही. सहीवाचून परवानगी द्यावी.

आपल्या दाराबाहेर बाकावर बसलेला,
अभिलेखपालांचा धाकटा भाऊ
(आरेखक)
गुरुवार, दि. १४

सोबत : ठिपक्यांचा नकाशा, दोन चिठ्ठ्या, कोरी प्रत.