पुलावर कोल्हा जे बोलला

प्रिय रोहिदास,

आत्ताच पुनावळ्याहून, तुझ्या आईकडून परत आले. तू बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला. चहा नको म्हणाले आणि रिक्षात सांगवीपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनात भांडत आले. मनात तू नेहमीसारखा गप्पच बसतोस, म्हणून आता कागदावर भांडते. तुला जाऊन दोन महिने झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे.

तू टूल रूममध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, बनवणारा, मी क्वालिटीत पत्र्याचे पार्ट तपासणारी. आपली ओळख कंपनीच्या बसमधली. एकदा चाकणच्या कोंडीत पाऊण तास बस जागची हलली नाही, तेव्हा तू लॅपटॉप माझ्याकडे वळवलास. "ताई, जरा बघा की. ही पोरगी झाडात अडकतीया." पोरगी खरंच झाडात अडकली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी हसले. त्या दिवसापासून दीड वर्ष आपण त्या बसमध्ये जंगलं उभी केली. 'तुमी' कधी गेलं आणि 'तू' कधी आलं, मला कळलंही नाही.

किती साधा खेळ होता! तीन शिफ्टमध्ये राबणाऱ्या गावाची झोप एका राक्षसिणीने मडक्यात भरून नेली आहे, आणि चिंगी नावाची पोर ती परत आणायला निघते. हातात तलवार नाही, लाटणं. सोबतीला एक बोलका कोल्हा. सात जंगलं, सात पूल, दोन-अडीच तासांत खेळ संपतो. गोष्ट तुझी, चित्रं तुझी, सगळी खटपट तुझी. मी फक्त खेळायचे आणि वहीत चुका लिहायचे. लाटणं हवेत तरंगतंय. राक्षसीण हरल्यावरही बडबडतेय. कोल्हा पाण्यावरून चालतोय.

शेवट तर आपण मिळून ठरवला होता ना? मडकं फुटतं, गाव झोपतं, आणि कोल्हा चिंगीच्या उंबऱ्यावर अंगाचं मुटकुळं करून झोपतो. तू मान डोलावली होतीस.

आमच्या खात्यात एक गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. ज्याने पार्ट बनवला त्याने तो पास करायचा नसतो. अकरा वर्षांत मी न बघता एक वॉशरसुद्धा पुढे सोडला नाही, साहेब डोक्यावर उभे असतानाही नाही. आणि तू म्हणालास, "शेवटचा पूल मी तपासलाय ताई. तू नको बघू. तुझ्यासाठी बी कायतरी नवं राहू दे की." मी हसून हो म्हणाले. तुझ्यासाठी म्हणून सोडला रे तो पूल. तू मला बरोबर ओळखून होतास, आणि त्याचाच फायदा घेतलास.

खेळ इंटरनेटवर लोकांसाठी खुला झाला तेव्हा माझं ऑडिट चालू होतं. म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत दोघं बसून शेवट बघू. तू तेव्हाही सारखा रजेवर असायचास. विचारलं की एकच उत्तर, "जमिनीची मोजणी हाय." शेतं विकून रोज नवी इमारत उठते त्या पुनावळ्याच्या माणसाने मोजणीसाठी रजा घेतली तर शंका कोण घेणार? मी तर तुझी चेष्टा करायचे. अरे, पुनावळं मोजतोयस की अख्खा तालुका? तू हसायचास. त्या वेळी तू दवाखान्यात रक्त चढवून घेऊन यायचास आणि माझ्या चेष्टेवर हसायचास. कसं जमलं तुला?

दंडावर काळेनिळे डाग दिसले होते मला. डाय उचलताना लागलं, म्हणालास. रोज दोन-अडीच तास शेजारी बसणारी बाई, पत्र्यावरचा केसाएवढा ओरखडा ओळखणारी, तिने ते ऐकून घेतलं. याची लाज माझी मला आहे. ती तुझ्या माथी मारत नाही.

मग एका सोमवारी बसच्या ड्रायव्हरने सांगितलं, रोहिदास गेला. अचानक गेला, झटका आला असेल, असं सगळे म्हणाले. मीही चार जणांना तसंच सांगितलं.

तुझ्या तेराव्यानंतर बसमध्ये मोबाइलवर खेळाखालचे अभिप्राय वाचत होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'पुलावर कोल्हा बोलला आणि मला पुढे खेळवेना.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'कोल्ह्याने आधी सांगायला हवं होतं.' कोणता कोल्हा? आमचा कोल्हा तर उंबऱ्यावर झोपतो. घरी जाऊन थेट शेवटचा पूल गाठला.

कोल्हा पुलावर थांबतो आणि चिंगीला म्हणतो, "मी पहिल्या जंगलातच आजारी होतो. तुला सांगितलं असतं तर तू मला घरी परत नेलं असतंस. मला तुझ्याबरोबर चालायचं होतं." मग म्हणतो, "मला भीती वाटते गं." आणि चिंगी एकटी मडकं घेऊन पुढे जाते.

म्हणजे कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांना तू सांगितलंस. नागपूरच्या कुणाला, दुबईच्या कुणाला. त्यांच्या आधी मला का नाही? माझ्या शेजारची सीट तर रोज तुझीच होती.

दुसऱ्याच दिवशी तुझ्या आईला विचारायला गेले तेव्हा ती आधी रडली, तुझं सगळं आजारपण सांगत गेली. मग म्हणाली, "त्यानं शपथ घातली व्हती गं मला. म्हणला, ताईला कळलं तर ती खेळ बंद पाडंल, मला घरी बसवंल."

खरं आहे. बसवलं असतं. लॅपटॉप काढून घेतला असता, रोज डबा घेऊन पुनावळ्याला आले असते, तुझं डोकं खाल्लं असतं. तुला ते नको होतं, हे मला समजतं. पण निर्णय तू एकट्याने घेतलास आणि माझ्याकडून दीड वर्ष झाडं आणि पूल तपासून घेतलेस. याला फसवणं म्हणतात. दुसरा शब्द मला सुचत नाही.

खेळाचा पासवर्ड माझ्याकडे आहे. या आठवड्यात मी तुझ्याच जुन्या फायलींमधून जुना शेवट जुळवून ठेवला होता, उंबऱ्यावर झोपणाऱ्या कोल्ह्याचा. आज तो चढवून टाकणार होते. त्याआधी तुझ्या आईला तुझा खेळ एकदा बघायचा होता, म्हणून गेले.

ती कोल्ह्याच्याच काळजीत. "अगं, त्या कोल्ह्याला कायतरी खायला दे की, कवाधरनं चालतंय." पूल आला. तिला भराभर वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचलं. भीतीचं वाक्य आलं तेव्हा तिने मला हाताने थांबवलं.

"ह्यो भ्यायला व्हता?" तिने विचारलं. "मला तर रोज म्हणायचा, काय न्हाई आई, बरा हाय मी."

तिच्याशीही तेच केलंस. आजार सांगितलास, भीती नाही सांगितलीस. ती त्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून राहिली, आणि तिच्या लेकाला भीती वाटते हे तिला आज माझ्या तोंडून कळलं. मला तिच्याकडे बघवेना.

मग म्हणाली, "तेवढंच परत वाच." मी तीनदा वाचलं. पुढच्या रविवारीही बोलावलं आहे.

म्हणून तुझा शेवट आहे तसा राहू देते. मला तो पटलेला नाही आणि तुला मी माफही केलेलं नाही.

पण एक वचन देते. मला कधी काही झालं तर मी घरच्यांना सांगेन, बसमध्ये शेजारी असेल तिलाही सांगेन, माझ्या स्वतःच्या तोंडाने. भीती वाटते हेही सांगेन. मग ते ओरडतील, रडतील, मला घरी बसवतील, नको नको म्हणताना खाऊ घालतील. करू देईन त्यांना सगळं.

हे सगळं मला तुझं करायचं होतं, रोहिदास.

अजून रागावलेली,
तुझी शोभाताई