आरएच : माहीत नाही

९ जानेवारी २००६, सोमवार
रक्तपेढीतला चौथा दिवस. तेच. रक्तदात्यांच्या तिन्ही याद्यांच्या स्कीमा एकत्र घातल्या की तीच लाल ओळ: 'रक्तदाता' आधीच सांगून झाला आहे. पेढीची स्वतःची फाईल, शिबिरांची फाईल (पुण्यात कुणीतरी केलेली), लॅबची फाईल (मुंबईची). तिघांनीही आपापल्या घरी वेगळा 'रक्तदाता' जन्माला घातलाय. प्रत्येकाला निराळं नेमस्पेस, म्हणजे निराळं आडनावच, दिलं की एरर जातो, पण मग एकाच माणसाचे तीन परके रक्तदाते होतात. उपयोग शून्य.
आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसातून जोशीसरांचा फोन. "मंदार, महिनाअखेर यादी चालू पाहिजे हं." एका जागी शोधावं आणि माणूस सापडावा, एवढंच काम. एवढंच!
थंडी भयंकर. त्यात पेढीचे फ्रीज माझ्या पाठीशी.

११ जाने., बुध.
आहेर मॅडम आज पहिल्यांदा नीट बोलल्या. इथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन, माहेर-सासर दोन्ही देवळा तालुक्यातलं. हातात चहा, माझ्या खुर्चीमागे उभ्या.
"चार दिवस त्याच लाल ओळीकडं बघतोयस. म्हणते काय ती?"
सांगितलं. स्कीमा म्हणजे फॉर्म कसा भरायचा याचे नियम. तिन्ही फॉर्मांत 'रक्तदाता' आहे, पण एकात नाव-आडनाव वेगळं, एकात सलग. एकात गटाबरोबर आरएच, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, एकात नुसता गट. एका नावाचे तीन नियम कॉम्प्युटरला चालत नाहीत.
"बरोबरच आहे त्याचं. माणूस एक, तर नियम तीन कसे?"
कप उचलून गेल्या. मला हे पुस्तकात दहा पानं वाचल्यावर कळलं होतं.

१३ जाने., शुक्र.
सुटलं!! दोन ठिकाणचा 'रक्तदाता' उडवला, लॅबचा तेवढा ठेवला. तोच सर्वांत नीटनेटका. जुन्या सगळ्या नोंदी गुमान आत गेल्या. एरर एकही नाही. जोशीसर खूश, वेळेच्या दोन आठवडे आधी.
उद्या संक्रांत. येताना आईसाठी हलवा घेतला.

१६ जाने., सोम.
मॅडमना यादी छापून दिली. कौतुक होईल असं वाटलं होतं. उभ्याउभ्या तीन पानं चाळली, मग खुर्ची ओढून बसल्या. कळवणच्या शिबिराचं पान माझ्यापुढे.
"ह्यात एकही निगेटिव्ह नाही?"
"नसेल."
"एवढ्या माणसांत?"
शिबिराची मूळ फाईल उघडायला लावली. तिथं आरएचचा रकानाच नाही! शिबिरात माणूस सांगेल तो गट लिहायचे. खरी तपासणी इथं आल्यावर, पिशवीची. मॅडम म्हणाल्या, "निकाल पिशवीवर लागायचा. नावापर्यंत तो परत कुणी आणलाच नाही."
मग यादीत प्रत्येकापुढे पॉझिटिव्ह लिहिलं कुणी?


१७ जाने., मंगळ.
सापडलं. लॅबच्या स्कीमात एक ओळ: आरएच दिला नसेल तर पॉझिटिव्ह धरावा. लॅबमध्ये तो रकाना कधी कोरा राहत नाही, म्हणून त्यांचं कधी बिघडलं नाही. मी तीच व्याख्या सगळ्यांना लावली. ओळ वाचली होती मी. सोयीची वाटली होती.
मॅडमना म्हटलं, पिशवी तर दर वेळी तपासताच, चुकीचं रक्त कुणाला जाणार नाही.
"नाहीच जाणार. पण निगेटिव्ह माणूस हुडकायलाच ही यादी ना? त्यात तो पॉझिटिव्ह म्हणून बसला, तर त्याला आपण हाकच मारणार नाही. तो तिकडं घरी बसलेला, आणि बाई इथं टेबलावर."

संध्याकाळी पेढीप्रमुख डॉ. गोडबोल्यांना त्यांनी सांगितलं, "सर, आम्ही दोघं पडताळत होतो, तेव्हा चूक सापडली."
आम्ही दोघं.

१९ जाने., गुरु.
दिवसभर मॅडमच्या शेजारी. 'रक्तदाता' तिन्ही फायलींतून बाहेर काढला, त्याची स्वतंत्र चौथी फाईल. बाकी तिघींनी तिथूनच घ्यायचा, आपला बनवायचा नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण त्यात काय ठेवायचं, हे सुचलं नसतं. मी वजन आणि हिमोग्लोबिनही घातलेलं, तिन्हींत आहे म्हणून.
"काढ ते. वजन त्या दिवसाचं. हिमोग्लोबिन त्या दिवसाचं. माणसाचं आहे तेवढंच ठेव."
नाव, गाव, जन्मवर्ष, गट, आरएच. फोन? "फोन बदलतो. पण राहू दे, नाहीतर हाक कशी मारू?" हसल्या.
आरएचला तीनच उत्तरं: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, माहीत नाही. कोरं सोडता येणार नाही. आपोआप काही धरलं जाणार नाही.
पाच वर्षं हे काम करतोय. कुणी असं शिकवलं नव्हतं. बाईंनी आयुष्यात कधी प्रोग्राम लिहिलेला नाही.

२४ जाने., मंगळ.
डॉ. गोडबोल्यांना दाखवलं. माणूस वाईट नाही, पण पुढच्या महिन्यात तपासणीला वरून लोक यायचेत. पानंच्या पानं 'माहीत नाही' बघून कपाळाला हात.
"अहो, हे काय दिसतं का? आपल्यालाच माहीत नाही म्हणून सांगायचं? पॉझिटिव्ह धरा सरळ. बहुतेक असतातच."
मॅडम शांतपणे, "सर, बहुतेकांसाठी यादी लागतच नाही. यादी लागते ती उरलेल्यांसाठी."
सर, "बघतो." सही नाही. सहीशिवाय जोशीसर काम पूर्ण धरणार नाहीत. दुपारी त्यांचा फोन: "डॉक्टर म्हणतात तसं करून टाक ना. एका ओळीचं काम." एका ओळीचंच आहे, खरं आहे.
केलं नाही. बघू.

२८ जाने., शनि.
मॅडमनी माळ्यावरून पिशव्यांची जुनी रजिस्टरं काढवली. पिशवीच्या नंबरावरून नाव लागतं. त्या वाचतात, मी टाइप करतो. सुटीचा दिवस त्यांचा, तरी आल्या. मध्येच थांबतात, "हा वणीचा, प्रसादाचं दुकान आहे. हा आता सुरतेला." शिबिरात एकदा भेटलेली माणसं!
चार वाजेपर्यंत सहा निगेटिव्ह सापडले. सहाही माझ्या पहिल्या यादीत पॉझिटिव्ह होते.
शिबिरांची निम्मी रजिस्टरं सापडतच नाहीत. ती माणसं 'माहीत नाही'तच राहणार. मॅडम म्हणाल्या, "राहू देत. खोटं तर नाही ना?"

१ फेब्रु., बुध.
हे काउंटरवर बसून लिहितोय. हाताला काहीतरी चाळा हवा.
सकाळी नऊला वरच्या मजल्यावरच्या वॉर्डातून निरोप. वणीकडची बाई, बाळंतपणाची, दुपारी ऑपरेशन. बी निगेटिव्ह. कुणालाही चालणाऱ्या ओ निगेटिव्हची एकच पिशवी आहे, ती पुरायची नाही. दुसऱ्या पेढ्यांत विचारून झालं. नवरा बाकावर, मफलर हातात पिळत. "लय रक्त लागंल का हो?" मॅडम, "बघतोय आम्ही. चहा घ्या तुम्ही."
यादीत शोधलं. बी निगेटिव्ह दोन. एकानं तीन आठवड्यांपूर्वीच दिलंय, इतक्यात पुन्हा घेता येत नाही; दुसऱ्याचा फोन लागत नाही.
मग मॅडम म्हणाल्या, "आता बी आणि माहीत नाही, असं काढ."
अकरा नावं. मॅडमनी पान घेतलं आणि वरून सुरुवात केली. फोनवर एकदम अहिराणी: "भाऊ, घर शेतस का?" घरी आहात का, म्हणून. डॉ. गोडबोले आले, दोन मिनिटं उभे राहिले. मग दुसरा फोन ओढला आणि सर्वांत खालचं, अकरावं नाव लावलं. सहीचा विषय नाही निघाला. मीही काढला नाही.
मॅडमचा तिसरा फोन लागला. देवळ्याजवळचा माणूस, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. आपला आरएच काय, त्याला ठाऊक नाही. "लगेच येस," म्हणजे येतोच, म्हणाला. सरांच्या फोनवरचा एक कळवणहून निघालाय.
मी विचारलं, दोघंही पॉझिटिव्ह निघाले तर?
"तर चौथ्याला फोन."
पाऊण वाजता गॅरेजवाला आला. एसटीतून उतरून धावतच, हाताला अजून ग्रीस. मॅडमनी हात धुवायला पाठवलं, बोटाला टोचलं, थेंब काचेवर घेतले. नवरा बाकावरून उठून दारात आला. कुणी त्याला मागे सरा म्हटलं नाही. सरही नाही.
बी आहे, ते दिसलं. आता दुसरा थेंब, आरएचचा. मॅडम काच उजेडात धरून हळूहळू डोलवतायत, चष्मा कपाळावर. गुठळी धरली तर पॉझिटिव्ह.
दोन मिनिटं लागतात, म्हणाल्या.