दोघांनी खेळायचं मशीन

२ मार्च, रविवार
आणलं! बंद पडलेल्या गेम पार्लरमधलं विमानांचं मशीन अखेर घरी आणलं. लेक लहान असताना दर रविवारी आम्ही बापलेक ह्याच्यावरच पडीक असायचो. आता ती आईकडे राहते, आणि २६ला नोकरीसाठी परदेशी चालली आहे. त्याआधी एकदा दोघांनी खेळायचं. फोन केला. येत्या रविवारी येते म्हणाली. चार तारा जोडायच्या, त्याला आठवडा कशाला हवा?

५ मार्च
पार्लरच्या जुन्या मेकॅनिककाकांना फोन. अर्धा तास लेक्चर. गेमचा सर्किट बोर्ड जोडायच्या आधी मीटरने सप्लायचे व्होल्ट तपास, प्लग काढल्याशिवाय आत हात घालू नकोस, कनेक्टर जबरदस्तीने बसवू नकोस. वय झालं की माणसं घाबरट होतात. तरी मीटर आणला. खिशाला अडकवून बाजारात एक चक्कर मारली. कोणी काही विचारलं नाही.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५
कनेक्टर बसेना. आत प्लॅस्टिकची बारीक पट्टी आडवी येते. कंपनीचा गचाळपणा, दुसरं काय! पकडीने उपटली. आता कसा झटक्यात बसला.

५.१०
स्विच ऑन. फट् आवाज. धूर. जुनी धूळ जळाली असावी.

९ मार्च, रविवार
धूळ नव्हती. काका म्हणाले, कनेक्टर उलटा बसू नये म्हणूनच ती पट्टी असते. भलत्याच पिनांवर बारा व्होल्ट गेले, बोर्डाचा निकाल लागला. हे आधी नीट सांगायला काय झालं होतं?
सकाळीच लेकीला कळवलं, आज येऊ नकोस. मशीन राहू दे, नुसती चहाला येते म्हणाली. छे! अर्धवट काम दाखवायची आपल्याला सवय नाही. पुढच्या रविवारी ये म्हटलं.
दिवसभर घरात चिटपाखरू नव्हतं. दोनदा चहा केला.

१६ मार्च, रविवार
काकांनी दुसरा बोर्ड दिला. चित्र येतं, पण मिनिटाभरात गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू. लेकीला परत नको म्हटलं. ह्या वेळी तिने कारणसुद्धा विचारलं नाही. समजूतदार पोर. माझ्यावर गेली आहे.

१९ मार्च
सापडलं! सप्लायपाशी पाच व्होल्ट, बोर्डापाशी साडेचार. सप्लायचा स्क्रू पिळून व्होल्ट वाढवणारच होतो, काका फोनवरच खेकसले. तारा बारीक आहेत, जाड टाक म्हणाले. टाकल्या. मलाही तेच सुचलं असतं.
लेक म्हणाली, रविवारी सामान बांधायचंय, त्याआधी कधीही येते, आज येऊ का? पण अर्थिंग बाकी आहे. बटणांचं पॅनेल लोखंडी, तिला शॉक बसला तर? कळवतो म्हटलं.

२६ मार्च, बुधवार, सकाळी ९
अर्थिंग झालं. फक्त फ्यूज राहिला. पटकन घेऊन येतो, मग तिला बोलावतो. फोन चार्जिंगला लावलाय. विमान संध्याकाळचं असणार, वेळच वेळ आहे.

दुपारी १
फ्यूज तिसऱ्या दुकानात मिळाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, लेक आली होती, बॅगा खाली टॅक्सीत ठेवून तासभर जिन्यात बसली. विमान दुपारचंच होतं. मला दोनदा सांगितलं होतं म्हणे. सहा मिस्ड कॉल. आता तिचा फोन बंद लागतोय.

दुपारी ३
फ्यूज बसवला. बोर्डावर बरोब्बर पाच व्होल्ट. कुठे धूर नाही, शॉक नाही, चित्र एकदम स्वच्छ. काकांना कळवलं. शाब्बास म्हणाले.
एकटाच खेळलो. चाळीस सेकंदांत मेलो. परत खेळलो, परत तेच. मग आठवलं, मला हा गेम कधी येतच नव्हता. ती मला वाचवायची.
फार एकटं वाटतंय.
तिचा फोन लागला की सांगतो, मशीन तयार आहे, ये म्हणून.