प्रिंटरमधून माझं नाव काढ

छोट्या,

काल तू माझा रिपोर्ट स्कॅन करून ताईला पाठवलास. तुझे बाबा कागद कुठेही ठेवून विसरायचे, म्हणून प्रत्येक स्कॅन माझ्याही मेलवर यावा असं सेटिंग त्यांनी प्रिंटरमध्ये करून ठेवलं होतं. ते गेले, सेटिंग राहिलं.

रिपोर्ट मी वाचला. "साधी गाठ आहे, आई," म्हणालास तेव्हा पंख्याकडे बघत होतास.

प्रिंटरच्या पोटाला चिकटवलेला नंबर ब्राउझरमध्ये टाक, सेटिंगचं पान उघडेल. पासवर्ड माझं माहेरचं आडनाव. तिथून माझा मेल आयडी काढून टाक. पुढचे रिपोर्ट मला वाचायचे नाहीत.

दूध आणायला जातेय. आले की पुन्हा साधी गाठ आहे म्हण. या वेळी माझ्याकडे बघून.

आई