अक्षयच्या आईला काय सांगायचं

८ जून
अंथरूण ओलं, मोजे ओले, या वहीची कडासुद्धा ओली. केप टाऊन अजून लांब. सकाळच्या वॉचला, म्हणजे पाळीला, सुकाणू माझ्याकडे होतं, बोटं बधिर. मग गंज खरवडणं. तीन डोलकाठ्यांचं जहाज फोटोत काय सुंदर दिसतं. आत राहिलं की नुसता गंज, दोर आणि पंप.
अक्षय जाधव माझ्याच वॉचमध्ये. अख्ख्या जहाजावर मराठी आम्ही दोघंच, तेही दिल्लीकडचे. मी फरीदाबादची, गुरुग्रामची नोकरी सोडून आलेली; तो दिल्ली कँटचा. त्याचे वडील फौजेत सुभेदार, मूळ साताऱ्याकडचे. त्याचं मराठी आईशी बोलण्यापुरतं. आज विचारतो, "सलोमी, होरायझनला आपल्यात काय म्हणतात यार?" क्षितिज, म्हटलं. "अच्छा? ये तो मेरी क्लास में लड़का था." खूप दिवसांनी एवढी हसले.

११ जून
सॅटेलाइट फोनची पाळी. पप्पांशी दोन वाक्यं, ती पण फाटलेली. माझ्यानंतर अक्षय. "आई, मी खालीच असतो गं. मशीनपाशी. एकदम गरम असतं." फोन ठेवला आणि लगेच डोलकाठीवर चढला. उतरल्यावर विचारलं, खोटं कशाला?
"ती घाबरते यार. घरी गेल्यावर सांगेन ना."
वर असला की त्याला खाली यावंसंच वाटत नाही. आज हाक मारून उतरवावं लागलं.

१३ जून
दुपारी वारा एकदम फिरला. सगळ्यात वरचं शीड गुंडाळायला आम्ही चढलो. आडव्या काठीवर मी आतल्या बाजूला, अक्षय टोकाकडे. शीड भिजून पत्र्यासारखं झालेलं. कमरेच्या सुरक्षापट्ट्याचा हूक एकीकडून काढून दुसरीकडे लावायचा असतो, तेवढ्यात जहाज कललं आणि शिडाचा तडाखा त्याच्या छातीवर बसला. पडताना ओरडलासुद्धा नाही.
जो पडताना बघतो त्यानं एकच करायचं. नजर हलवायची नाही, हात त्याच्याकडे रोखून धरायचा, म्हणजे खालच्यांना दिशा कळते. मी धरला. पिवळा रेनकोट. तो पोहत होता. एकदा हात वर केला त्यानं. मग लाट. मग परत पिवळं दिसलं. मग लाट. मग
शिडाचं जहाज गाडीसारखं थांबत नाही. वळवेपर्यंत

१४ जून
कालच बोट उतरवली होती. लाटेनं ती जहाजावरच आदळली. बोटीतल्या सेकंड मेटचा, कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचा, खांदा निखळला. आज एक मालवाहू जहाज मदतीला आलं, दिवसभर दोघं मिळून फेऱ्या मारत राहिलो. त्याच्यासाठी फेकलेलं तरंगतं रबरी कडं सापडलं, रिकामं.
संध्याकाळी कॅप्टन कुरियननी सगळ्यांना डेकवर बोलावलं. टोपी काढून बोलले. मग माझ्याजवळ आले, "पानी बहुत ठंडा है, बेटा. इतनी देर कोई नहीं बचता."
जहाज परत मूळ वाटेला लागलं. मी मागे बघत होते. काल रोखून धरलेला उजवा हात खांद्यातून उचलत नाही.

१६ जून
ऑफिसनं सुभेदारांना कळवलंय. अक्षयच्या आईला जहाजावरच्या कुणाशी तरी बोलायचंय. कॅप्टननी फोन माझ्या हातात दिला. "अपनी भाषा में बोलो उनसे."
"पोरी, तो तर खाली मशीनपाशी असायचा न्हवं? मग पाण्यात कसा पडला?"
"काकू, तो वर चढायचा."
"किती वर?"
"उंच."
फोनवर नुसती खरखर. लाईन गेली असं वाटलं. मग, "भ्यायचा का?"
"नाही काकू. आवडायचं त्याला."
आणि मग खरंच लाईन गेली.

१९ जून
वॉचमध्ये माणूस कमी, म्हणून परत चढले. कुणी सांगितलं नव्हतं. शीड कसं गुंडाळलं आठवत नाही, सगळा वेळ पाण्याकडेच बघत होते. हल्ली सगळेच बघतात. स्वयंपाकीसुद्धा बटाटे सोलायला डेकवर येतो आणि कठड्याशी उभा राहतो. त्याची झोपायची फळी तशीच आहे. मी तिकडून जात नाही, लांबून फिरून जाते.

४ जुलै
केप टाऊन. पोलीस, ऑफिसची माणसं, जबाब. शेवटचं जिवंत पाहिलंत का? हो. पोहताना? हो. लिहून घेतलं, सही घेतली. बाकीचे शहरात गेले. मी कोरड्या गादीवर पडून होते. जमीन हलतेय.

१० जुलै
फरीदाबाद. घामाच्या धारा. पप्पा एअरपोर्टवर आले होते, बॅग घेतली. रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थनेत त्यांनी अक्षयचं नाव घेतलं. मी उठून आत गेले. वरणभात तसाच.

१६ जुलै
दिल्ली कँटला गेले. जायलाच हवं होतं.
क्वार्टरच्या बाहेर सुभेदारकाका स्कूटरपाशी उभे. मला आत जाऊच दिलं नाही लगेच. "गावी दिवस करायचे राहिलेत. ही करू देत नाही. म्हणते, पोरगं दाखवा आधी. तू पाहिलंस ना? मग सांग, पडला तेव्हाच गेला. डोक्याला लागलं म्हण. जबाबात दिलंस ते, पोहत होता ते, नको काढूस. युनिटमध्ये असताना मी अशा खबरा घेऊन लोकांच्या दारात गेलोय. त्यांना असंच सांगायचं असतं, बाळ."
बरोबरच होतं त्यांचं. ते वाक्य मनात घोळवत आत गेले.
फोटो भिंतीवर, हार नाही. काकूंनी पोहे केले, समोर बसल्या. काका दारात उभे.
"आता खरं सांग. मी काय रडत न्हाई."
रडत नव्हत्याच. रडल्या असत्या तर मी खोटं बोलले असते.
"काकू, त्यानं हात वर केला होता."
"म्हंजे पवत व्हता."
"हो."
काका बाहेर निघून गेले. स्कूटरचा आवाज. काकू म्हणाल्या, "पोहे खा. गार हुतील."

२२ जुलै
काकूंचा रोज फोन. त्या पाण्यात बेटं आहेत का? मच्छीमार येतात का? कुणी उचलून नेलं आणि त्याला सांगताच आलं नाही, असं हुतं का? मी नकाशा उघडून बसले. निळ्याशिवाय काही नाही. तसं सांगितलं.
"पण जहाजं जात्यात न्हवं?"
जातात, म्हटलं. काय म्हणणार.
काकांचा एकच मेसेज. "तुम्हाला सांगितलं होतं." कँटमध्ये बाळ होते, आता तुम्ही.
गावी अजून काहीच केलेलं नाही. ते वाक्य बोलले असते तर आत्तापर्यंत ती बाई रडून मोकळी तरी झाली असती. की नसती? पप्पा म्हणतात, खरं बोललीस, पुरे. ते पुरत नाही पप्पा.

२९ जुलै
जहाजाच्या ऑफिसचा फोन. परतीच्या सफरीसाठी अनुभवी माणसं हवीत, वाट तीच. पप्पा ऐकत होते. "बिल्कुल नाही," म्हणाले आणि पेपर उघडला. इतका वेळ एकच पान. गुरुग्रामचं जुनं ऑफिस मला परत कामावर घ्यायला तयार आहे. एसी, कॅब, अकराव्या मजल्यावरची खुर्ची. मला खिडकीपाशी उभं राहवेल का, माहीत नाही.
काकूंच्या फोनवर सफरीचं चुकून बोलून गेले.

३ ऑगस्ट
सकाळी बेल वाजली. दारात काकू. कँटपासून मेट्रो बदलत एकट्या आलेल्या, वाटेत दोनदा चुकल्या म्हणे. काकांना सांगितलेलं नाही.
पिशवीतून पाकीट काढलं. मागच्या थंडीत कँटीनमधून घेतलेलं गरम बनियन आणि पायजमा, अक्षयच्या मापाचं. फोडलेलंही नाही.
"असू दे तुझ्याजवळ. वल्ला असंल तो."
पप्पा चहाचा ट्रे घेऊन तसेच उभे. मी म्हटलं, "काकू, तिथं पाणी फार थंड असतं. कॅप्टन म्हणाले ते खरं आहे. तो नाही मिळणार." पहिल्यांदाच बोलले. आवाज माझा वाटला नाही.
त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. पदरानं टेबलावर सांडलेलं पाणी पुसलं.
"कधी निघतीयस?"
"अजून ठरलं नाही."
"ठरव. त्या बाजूला माझ्या वळखीचं दुसरं कोण जानार हाय?"
त्यांना मेट्रोपर्यंत सोडून आले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, सरकत्या जिन्याचा कठडा घट्ट धरून उतरत होत्या. जहाजाच्या ऑफिसला उद्या कळवायचंय. पप्पा स्वयंपाकघरात भांडी घासतायत, घासलेलीच परत. पाकीट माझ्या मांडीवर आहे.